सायकल आणू नये

पालकहो,

महापालिकेच्या बागेच्या फाटकावर नियमांचा फलक असतो. फुलं तोडू नयेत, कुत्री आणू नयेत, हिरवळीवर खाऊ नये, आणि याच ओळीत कुठेतरी: सायकल आणू नये. सायकलींचं शहर म्हणून एकेकाळी मिरवलेल्या पुण्यात, ज्या बागा आपण मुलांच्या म्हणतो तिथे, मुलाच्या सायकलीला मनाई. यावरून उद्यान विभागाला बोल लावायला मी बसलेली नाही. गुडघे सांभाळत चालणारे आजोबा आणि ब्रेक कुठे असतो हे नुकतंच कळलेली सहा वर्षांची स्वारी एका पायवाटेवर नांदू शकत नाहीत, हे कबूल करायला हवं. पण मग त्या स्वारीने जायचं कुठे? पार्किंगमध्ये गाड्या, गल्लीत दुचाक्या, मोठ्या रस्त्याचं तर नावच नको. हल्लीची कितीतरी मुलं वाढदिवसाला सायकल घेतात आणि पुढच्या वाढदिवसापर्यंत ती जिन्याखाली धूळ खात उभी असते.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या बोलण्यात सध्या एक कल्पना येते. जवळच्या बागेत मुलांसाठी छोटा सायकल पार्क व्हावा, आणि त्यासाठी चार पालकांनी जाऊन उद्यान अधीक्षकांना भेटावं. कल्पना मला मनापासून पटते. म्हणूनच जाण्याआधी थोडं बोलावंसं वाटलं. तिथे आपल्याला जे विचारलं जाईल, त्यातले बहुतेक प्रश्न आपण एकमेकांना अजून विचारलेलेच नाहीत.

पहिला म्हणजे, हवंय काय? काहींच्या डोळ्यांसमोर वाहतूक उद्यान आहे: छोटे रस्ते, झेब्रा पट्टे, लुटुपुटुचा सिग्नल. काहींना बागेभोवती सायकल ट्रॅक हवा आहे. मोठी मुलं मोबाईलवर पाहून ‘पंप ट्रॅक’ म्हणतात. माझा कौल या मुलांना. पंप ट्रॅक म्हणजे ओळीने लहान लहान उंचवटे आणि टोकाला बाहेरून उंच होत गेलेली वळणं असलेला बंद वाटोळा मार्ग. एकदा वेग घेतला की पेडल मारायचं नाही. उंचवट्यावर चढताना अंग हलकं करायचं, उतरताना हातापायांनी सायकल खाली दाबायची. झोका चढवताना आपण जे करतो तेच, फक्त चाकांवर. चार वर्षांचं मूल पेडल नसलेली सायकल घेऊन त्याच मार्गावर फिरू शकतं आणि पंधरा वर्षांचा मुलगाही तिथेच घाम गाळतो. (पेडल नसलेली सायकल ही नवी टूम आहे असं समजू नका. १८१७ साली जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस यांनी बनवलेल्या पहिल्या दुचाकी यंत्राला पेडल नव्हतंच. पायांनी जमीन रेटत जायचं.) हा खेळ आता पोरखेळही राहिलेला नाही. अशाच उंचवट्यांवरून होणारी बीएमएक्स सायकल शर्यत २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे आणि पंप ट्रॅकच्या जागतिक स्पर्धा होतात. तरी ऑलिंपिकचं नाव अर्जात घालू नका. अधीक्षक साहेबांना ऑलिंपिक नको असतं, जागा किती लागते ते हवं असतं.

जागा फार लागत नाही, ही या ट्रॅकची खरी जमेची बाजू. लहान मुलांपुरता ट्रॅक तीन-चार गुंठ्यांत बसतो. बागेच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे गवतही धड उगवत नाही आणि सुकलेल्या फांद्यांचा ढीग पडलेला असतो, तेवढी जागा बहुधा असते. अमेरिकेत कोलोराडोतल्या बोल्डर शहरात व्हाल्माँट नावाचा सायकल पार्क २०११ साली सुरू झाला. सुमारे चाळीस एकर, प्रवेश फुकट, आणि तो चालवतं शहराचंच उद्यान खातं. आपल्यातले उत्साही लोक त्याचे व्हिडिओ पाठवत असतात. ते साहेबांना दाखवून ‘असं करा’ म्हणालात, तर साहेब हसतील, चहा सांगतील आणि विषय संपेल. त्या पार्कातून आपल्या कामाची गोष्ट एकच घ्यायची: उद्यान खातं हे काम आपलं मानू शकतं.

आता पाणी. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण प्रस्ताव अडला तर इथे अडेल असं मला वाटतं. उंचवटे आले म्हणजे त्यांच्यामध्ये खोलगट भाग आले. पुण्याच्या पावसात प्रत्येक खोलगट भागात पाणी साठणार. पाणी साठलं की डास, डास म्हटलं की डेंगी, आणि डेंगी म्हटलं की पहिली तक्रार बागेशेजारच्या इमारतीतूनच येणार. आपण मुलांचे पालक म्हणून अर्ज करू आणि त्याच मुलांचे शेजारी म्हणून तक्रार करू, असं व्हायला नको. म्हणून आधी ठरवायचं: जमीन सपाट न ठेवता एका बाजूला उतार, प्रत्येक खोलगट जागेतून बाहेर निघणारा पाइप, आणि ते पाणी कुठे सोडायचं याचं उत्तर. झाडांच्या आळ्यांत सोडता आलं तर माळीबुवाही आपल्या बाजूला येतील.

माती कुठली, हाही प्रश्न त्यातलाच. काळी माती वापरली तर उन्हाळ्यात भेगा आणि पावसाळ्यात चिखल. मुरूम चांगला दबतो, पण मातीचा ट्रॅक दरवर्षी पावसाळ्यानंतर पुन्हा घडवावा लागतो. डांबराचा ट्रॅक वर्षानुवर्षं टिकतो आणि त्यावर स्केट्सवाली मुलंही येतात. मात्र खर्च मोठा, आणि उंचवट्यांवर डांबर हाताने नीट बसवणं हे रस्ता करणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराचं काम नाही. लाकडी किंवा फायबरच्या सुट्या भागांचे ट्रॅकही मिळतात. सपाट जागेवर जोडायचे, नको तेव्हा उचलायचे. माझं मत विचाराल तर पहिली काही वर्षं मुरूम बरा. आकार चुकला तर फावड्याने बदलता येतो. डांबर चुकलं की चुकलेलंच राहतं.

जागा सुचवताना झाड तोडावं लागेल अशी जागा चुकूनही सुचवू नका. शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी मुलांच्या खेळासाठी झाड पाडलं हे मुलांना कुठल्या तोंडाने सांगणार? मुळांवर मातीचे ढीग टाकणंही टाळा. दुसरं, भूखंडाचं आरक्षण बदलून मागायच्या भानगडीत पडू नका. विकास आराखड्यातलं आरक्षण बदलायचं म्हणजे नगररचना कायद्याच्या कलम ३७ ची प्रक्रिया आणि राज्य सरकारची मंजुरी. तोवर आपली मुलं स्कूटर चालवू लागलेली असतील. असलेल्या बागेतला असलेला कोपरा मागा.

आता जरा अवघड बोलते. ‘मूल पडलं तर जबाबदार कोण?’ हा प्रश्न साहेब विचारणारच, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. घसरगुंडीवरून पडलेल्या मुलाचे आईबाप सुरक्षारक्षकाच्या अंगावर धावून जाताना तुम्हीही पाहिले असतील. पंप ट्रॅकवर मुलं पडतात. कोपरं सोलवटतात, कधीतरी मनगट मोडतं. हेल्मेटने डोकं वाचतं, गुडघे वाचत नाहीत. हे तुम्हाला चालणार आहे का? घरी, रात्री जेवताना, नवराबायकोंनी एकमेकांना हे खरंखुरं विचारा. आपल्या पिढीतले किती जण मधल्या नळीतून पाय घालून, भाड्याच्या मोठ्या सायकलीवर शिकले आणि गुडघ्यावरची खूण अजून मिरवतात. तीच माणसं स्वतःच्या मुलाला सोसायटीच्या फाटकाबाहेर सोडत नाहीत. काळ बदलला, वाहनं वाढली, मान्य. पण म्हणूनच पडायला सुरक्षित जागा हवी आहे ना? जिथे मूल मातीवर पडेल, मागून डंपर येणार नाही. हे उत्तर तुमच्या पोटातून आलं तर साहेबांना पटेल. आणि पहिल्या जखमेनंतर तुम्हीच ट्रॅक बंद करायचा अर्ज द्याल असं वाटत असेल, तर या कामात आत्ताच पडू नका.

याच्याही पुढचा प्रश्न कुणी विचारणार नाही, म्हणून मी विचारते. हा ट्रॅक कुणाच्या मुलांचा? आपल्या गप्पांत ‘आपली मुलं’ म्हणजे आपल्या सोसायट्यांची, गिअरच्या सायकलीवाली मुलं. बाग महापालिकेची आहे. पलीकडच्या वस्तीतली मुलंही येणार, कदाचित आपल्यांपेक्षा जास्त. एका सायकलवर तिघं, ब्रेक नाही, सीट फाटलेली. आणि खात्री बाळगा, उंचवट्यांवर ती आपल्या मुलांपेक्षा सरस ठरतील. ओळखपत्र, वार्षिक फी, ठरावीक वर्ग अशा सूचना कानावर आल्या, तेव्हा मला बरं वाटलं नाही. सार्वजनिक जागा मागायची आणि तिला खाजगी फाटक लावायचं, हे दोन्ही एका अर्जात बसत नाही. त्यापेक्षा वस्तीतल्या पालकांच्या सह्या आपल्या अर्जावर हव्यात. त्यांच्या घरी जाऊन विचारावं लागेल. हेल्मेट नसलेल्यांसाठी पाच-दहा हेल्मेटं आपण वर्गणीतून घेऊन बागेच्या सुरक्षारक्षकाच्या चौकीत ठेवू शकतो; एक हवेचा पंप आणि पंक्चरचं सामानही. मुलींची गोष्ट वेगळी लिहून ठेवा. बारा-तेरा वर्षांच्या मुली अशा जागी आपोआप कडेला उभ्या राहतात. आठवड्यातले दोन तास फक्त त्यांचे, असं सुरुवातीपासून ठेवलं तर पुढे वाद होत नाही.

मग देखभाल. इथे पुण्याचा इतिहास आपल्या विरोधात साक्ष देतो. बीआरटी बसमार्गांच्या काळात झालेले सायकल ट्रॅक तुकड्या-तुकड्यांनी उरले; कुठे त्यांवर गाड्या लागल्या, कुठे टपऱ्या. २०१७ च्या डिसेंबरात भाड्याच्या रंगीत सायकली आल्या, आपण सगळ्यांनी त्यांच्यासोबत फोटो काढले, आणि दोन-तीन वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. त्याच महिन्यात महापालिकेने शहराचा एकात्मिक सायकल आराखडाही मंजूर केला. तो अर्जात जरूर नमूद करा, कारण आपण नवीन काही मागत नसून शहराने स्वतः मान्य केलेल्या दिशेनेच बोलतो आहोत. पण अधीक्षकांना हा सगळा इतिहास आपल्याहून जास्त ठाऊक असतो. बांधायला निधी मिळतो, सांभाळायला माणूस मिळत नाही, हे त्यांचं रोजचं दुखणं. तेव्हा आपण काय करणार हे नावानिशी लिहून न्या: दर रविवारी सकाळी कोण दोन पालक थांबणार, पावसाळ्यानंतर उंचवटे दाबायला कोण येणार, सुटीत कोण. ‘आम्ही सहकार्य करू’ या वाक्याची त्या कार्यालयात किती किंमत आहे, हे तिथे काही वेळ बसलात की कळेल.

आणि एकदम ट्रॅक मागू नका, आधी एक रविवार मागा. दोरी, खडू, मुरमाचे चार छोटे ढीग, फळ्यांचे दोन उतार, बस्स. लक्ष्मी रस्त्यासारखा गजबजलेला रस्ता ११ डिसेंबरच्या पादचारी दिनासाठी महापालिका वाहनांना बंद ठेवू शकते, तर बागेतला एक कोपरा तीन तासांसाठी मिळणं अशक्य नाही. त्या दिवशी किती मुलं आली, कुणाला अडचण झाली, चालणाऱ्या आजोबांचं म्हणणं काय, हे लिहून ठेवा. त्या आजोबांनाच सह्यांच्या यादीत पहिलं नाव द्यायची विनंती करा. मुलं पायवाटेवरून हलणार असतील, तर त्यांच्याइतका खंदा पाठीराखा मिळणार नाही.

कागदाचं थोडक्यात सांगते. अर्ज एका पानाचा, सोबत जागेचा हाताने काढलेला नकाशा आणि फोटो. अर्ज टपालात देऊन आवक क्रमांक घ्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका. प्रत प्रभागाच्या नगरसेवकांना आणि क्षेत्रीय कार्यालयाला. स्थळपाहणीला अभियंता येईल तेव्हा आपल्यातलं कुणीतरी हजर हवं, आणि पाण्याच्या पाइपांचं आपलं टिपण त्याच्या हातात जायला हवं. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांना पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली कामं सुचवता येतात. एका कामाला पाच लाखांची मर्यादा राहिली आहे. एवढ्यात डांबराचं स्वप्न बसणार नाही, मुरमाचा प्रयत्न करता येईल.

या सूचना साधारण पावसाळ्याच्या अखेरीस मागवल्या जातात, तेव्हा आपला अर्ज गणपतीच्या आधी तयार हवा. मार्चअखेर मात्र कुणाला भेटायला जाऊ नका. बिलांच्या धांदलीत तुमच्याकडे बघायलाही कुणाला फुरसत नसते. आणि साहेबांना भेटण्याआधी बागेतल्या माळीबुवांना भेटा. कुठल्या कोपऱ्यात पाणी तुंबतं ते त्यांना तोंडपाठ असतं.