ओळखीची परकी भाषा

बारावीनंतर पुढे काय शिकायचे, हा प्रश्न लवकरच तुमच्या घरीही निघेल. डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक ही उत्तरे सर्वांना ठाऊक असतात. पण एखाद्या मुलीने "मला स्पॅनिश भाषेची पदवी घ्यायची आहे," असे सांगितले, तर घरातील मोठी माणसे बुचकळ्यात पडतात. "बेटी, आपली शाळा उर्दूची. इंग्रजीचीच अजून भीती वाटते. मग ही आणखी एक भाषा कशाला?" असे ती विचारतात. हा प्रश्न चुकीचा नाही. त्याचे उत्तर नीट शोधले पाहिजे.

स्पॅनिश ही मूळची स्पेनची भाषा. आज मेक्सिको, क्यूबा, पेरू, अर्जेंटिना असे देश धरून जगातील वीस देशांची ती राजभाषा आहे. आपल्याकडे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आणि हैदराबादच्या इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठात या भाषेची पदवी घेता येते. तेथे मुळाक्षरांपासून सुरुवात करता येते. म्हणजे इंग्रजी शाळेतून आलेली मुले आणि तुम्ही पहिल्या दिवशी एकाच ओळीत उभे असता. खरे सांगायचे तर तुम्ही एक पाऊल पुढेच असता!

ते कसे? स्पॅनिशमध्ये एक घशातून काढायचा उच्चार आहे. इतरांना तो घोटून घोटून शिकावा लागतो. तुम्ही मात्र 'खबर' आणि 'खत' म्हणताना उर्दूतील 'खे' रोजच उच्चारता. तो उच्चार जवळजवळ तसाच आहे. 'असे घडले तर किती बरे!' हे सांगण्यासाठी स्पॅनिश माणूस 'ओखाला' म्हणतो. शब्दाच्या शेवटी काय ऐकू येते, ते पाहा. अल्लाहची इच्छा असेल तर, अशा अर्थाच्या अरबी शब्दांपासून तो बनला आहे.

असे शब्द पुष्कळ आहेत. साखरेला स्पॅनिशमध्ये 'आसूकार' म्हणतात. संस्कृत 'शर्करा', फारसी 'शकर', अरबी 'सुक्कर' आणि त्यापुढे 'आसूकार' असा हा शब्द चालत गेला. 'आसेइतूना' म्हणजे तुमचे जैतून. 'आल्मासेन' म्हणजे गोदाम. त्यात 'मखजन' लपले आहे. गावाच्या नगराध्यक्षाला 'आल्काल्दे' म्हणतात आणि हे आल्काल्दे म्हणजे आपले 'काझी'! फक्त त्यांचे काम बदलले.

हे शब्द तिकडे कसे पोहोचले? इ. स. ७११ मध्ये उत्तर आफ्रिकेतून मुस्लिम सैन्य स्पेनमध्ये आले. पुढे जवळजवळ आठशे वर्षे त्या देशाच्या कमीअधिक भागावर मुस्लिम राजांची सत्ता होती. कोर्दोबाची मशीद आणि ग्रानादाचा लाल राजवाडा 'अल्हाम्ब्रा' आजही उभे आहेत. १४९२ मध्ये ग्रानादाचे राज्य संपले. त्याच वर्षी कोलंबस समुद्रप्रवासाला निघाला आणि त्याच वर्षी स्पॅनिश भाषेचे पहिले छापील व्याकरण नेब्रिखा या विद्वानाने प्रसिद्ध केले. पदवीच्या अभ्यासात भाषेबरोबर हा इतिहासही येतो.

आणि येते सर्व्हांतेस या लेखकाची 'दोन किखोते' ही कादंबरी. तिचा पहिला भाग १६०५ मध्ये निघाला. त्यात लेखक एक गंमत करतो. तो म्हणतो, ही कथा माझी नव्हेच. तोलेदो शहराच्या बाजारात एक मुलगा जुन्या वह्या विकत होता, त्यांत ती अरबी लिपीत मला सापडली. मग तो ती एका मोरिस्कोकडून स्पॅनिशमध्ये करून घेतो. मोरिस्को म्हणजे ख्रिस्ती व्हावे लागलेल्या मुसलमानांचे वंशज. या दुभाष्याला मेहनताना काय मिळतो? मनुका आणि गहू. हे वाचून हसू येते. पण पुढचा इतिहास हसण्यासारखा नाही. चारच वर्षांनी, १६०९ पासून, मोरिस्को लोकांना स्पेनमधून घालवून देण्यात आले. त्यांचे शब्द मात्र तिथेच राहिले.

एवढ्यावरून ही भाषा सोपी आहे, असे समजू नका. तिची आई लॅटिन आहे, अरबी नव्हे. लिंग तर प्रत्येक भाषेत निराळे. उर्दूत किताब स्त्रीलिंगी, मराठीत पुस्तक नपुंसकलिंगी आणि स्पॅनिशमध्ये 'लिब्रो' पुल्लिंगी! मराठीतले नपुंसकलिंग तुम्हांला छळते ना? तेवढे एक स्पॅनिश नामांत नाही. उलट, आपल्या एका 'आहे'साठी तिकडे दोन क्रियापदे आहेत. 'एस लिस्तो' म्हणजे तो हुशार आहे. 'एस्ता लिस्तो' म्हणजे तो तयार आहे. हा फरक अंगवळणी पडायला बराच काळ जातो. रोज बोलल्याशिवाय तो पडत नाही.

आता घरच्यांचा प्रश्न. पदवी हातात आली की नोकरी दारात येते, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पण भाषा खरोखर आली, तर शिकवता येते, पर्यटकांना वाट दाखवता येते, परदेशांशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांत काम मिळू शकते. आपली भाषा किती आली, हे पारखण्यासाठी 'देले' नावाची परीक्षा असते. तिच्या सहा पायऱ्या आहेत आणि तिचे प्रमाणपत्र परदेशांतही मानले जाते. अनुवादाचे कामही आहेच. तोलेदोच्या दुभाष्याला मनुका आणि गहू मिळाले. आजच्या अनुवादकाला बहुधा शब्द मोजून पैसे मिळतात.