तुरुंगात वडील, घरी लेकरू



मत्तयच्या शुभवर्तमानातील २५ व्या अध्यायात प्रभू येशू स्वतःला बंदिवानाच्या जागी ठेवतो. तुरुंगातील माणसासाठी आपण प्रार्थना करतो. पण त्याच्या घरी राहिलेल्या लेकरांचे काय? शिक्षा एकाला होते, टोमणे मात्र शाळेत त्याच्या मुलाला ऐकावे लागतात.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय खटल्यात सांगितले की, आईबरोबर तुरुंगात राहणाऱ्या मुलाला कैदी मानू नये. सहा वर्षांपर्यंत मूल तिच्याजवळ राहू शकते. त्यानंतर ते आजी, मामा किंवा संस्थेकडे जाते, म्हणजेच आपल्यामध्ये येते.

आपल्या जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे जिजाऊंचे माहेर. १६४८ मध्ये शहाजीराजे आदिलशाहीच्या कैदेत पडले, तेव्हा शिवराय अठरा वर्षांचे होते. कारण निराळे होते. परंतु वडील कैदेत म्हणून मुलाची किंमत कमी होत नाही, हे आपण त्यावरून शिकावे.

अशा मुलाच्या मनात राग, लाज आणि वडिलांची ओढ एकाच वेळी असते. ‘माझ्यामुळेच झाले का?’ असेही त्याला वाटते. हे सांगायला त्याच्याकडे शब्द नसतात. रंग आणि माती तेथे उपयोगी पडतात. कागदावर उतरलेली भीती थोडी दूरून पाहता येते, आणि चित्राविषयी बोलताना मूल स्वतःविषयी बोलू लागते. म्हणून धर्मशिक्षण वर्गात आपण एवढे करू शकतो:

१. सर्वच मुलांना रंग द्यावेत. एकालाच वेगळे बसवू नये. पोळ्याला मातीचे बैल करतो, तशी माती हाती द्यावी. माती थापताना, मोडताना मनातले व्यक्त करायला वाट मिळू शकते.

२. ‘हे काय काढलेस?’ असे दरडावू नये. ‘याची गोष्ट सांगशील?’ असे विचारावे. सांगितले नाही तर गप्प राहावे.

३. काळा रंग वापरला म्हणून आपणच अर्थ लावू नये. चित्राला गुण देऊ नयेत, मुलाला विचारल्याशिवाय ते भिंतीवर लावू नये.

४. मुलाची इच्छा असेल तर नाताळला त्याने केलेले भेटकार्ड घरच्यांमार्फत, कारागृहाच्या नियमांप्रमाणे, वडिलांकडे पोहोचवावे. नाते टिकले तर परतण्याची वाटही टिकते.

५. ‘बाबा दुबईला गेलेत’ असे खोटे सांगू नये. घरच्यांशी बोलून, वयाला झेपेल एवढे खरे सांगावे. ‘यात तुझी चूक नाही’ हे वारंवार सांगावे. गुन्ह्याची चौकशी मात्र करू नये.

चित्रकला हे औषध नव्हे. मूल जेवत नसेल, झोपेत दचकत असेल, स्वतःला इजा करत असेल, तर जिल्हा रुग्णालयात दाखवावे. टेली-मानस १४४१६ आणि बालकांसाठी १०९८ हे क्रमांक मोफत आहेत. राज्याच्या बालसंगोपन योजनेची चौकशी बुलडाण्याच्या जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावी.

संत पौलाने बंदिवासातून फिलिप्पैकरांना पत्र लिहिले, कारण त्या मंडळीने त्याला टाकले नव्हते. आपली मंडळीही कुणाला टाकणारी नसावी.

चिंतनासाठी: असे लेकरू आपल्या बाकावर येऊन बसले, तर आपण सरकून जागा देऊ, की उठून दुसरीकडे बसू?