अंगणासाठी फुलोऱ्याचा वृक्ष निवडताना

घराच्या अंगणात एखादा फुलोऱ्याचा वृक्ष असावा, असे बहुतेकांस वाटते. परंतु रोपाची निवड फुलांच्या रंगावरून केली जाते आणि ही चूक पुढे दहा-पंधरा वर्षांनी भिंतीस व छपरास भोवते. फुलोरा महिना-दीड महिना टिकतो. मुळ्या व फांद्या मात्र बारा महिने घराशेजारी असतात.

गुलमोहराचेच उदाहरण घेऊ. मूळचा मादागास्कर बेटावरील हा वृक्ष वैशाखात लालभडक फुलतो व भराभर वाढतो. परंतु त्याचे लाकूड ठिसूळ असते आणि मुळ्या जमिनीच्या वरच्या थरात दूरवर पसरतात. वळवाच्या वादळात त्याच्या फांद्या मोडतात. कधी सबंध झाडच उन्मळून पडते. गावठाणाच्या पडीक जागेत तो जरूर लावावा. घर, गोठा व विजेच्या तारा यांपासून तीस फुटांच्या आत लावू नये.

अंगण प्रशस्त असल्यास आमची पसंती बहाव्यास आहे. चैत्र-वैशाखात तो पिवळ्या घोसांनी लवतो, लाकूड कठीण असते व गुरे त्याच्या पाल्यास सहसा तोंड लावीत नाहीत. वाढ मात्र सावकाश होते, धीर हवा. बियांचे कवच टणक असल्याने त्या एका बाजूस कानशीने किंचित घासून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात व मग पेराव्यात. शेंगेतील गर रेचक असतो, हे मुलांस सांगून ठेवावे.

जागा लहान असल्यास कांचन किंवा पारिजातक लावावा. कांचनाचा पाला शेळ्या आवडीने खातात, म्हणून कोवळ्या रोपास काटेरी कुंपण हवेच. कोकणात ओलाव्याची जागा असेल तर ताम्हण चांगला येतो. पाणी साचणाऱ्या जमिनीत सोनचाफा लावू नये. तो लावावयाचा झाल्यास कलम घ्यावे. बियांपासून केलेल्या झाडास फुले येण्यास कित्येक वर्षे लागतात.

पिवळ्या फुलांची बिट्टी पुष्कळ अंगणांत दिसते. तिचे सर्व भाग, विशेषतः बिया, अत्यंत विषारी असतात. लहान मुले व गुरे वावरतात तेथे ती लावू नये. असल्यास मुळासकट काढावी.

दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा उन्हाळ्यात खणून तापू द्यावा. त्यात माती व कुजलेले शेणखत भरून चांगला पाऊस झाल्यावर रोप लावावे. पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवू नये.