इंग्रजीचे दोन रकाने

कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढायची आणि तिसऱ्या वर्षाला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, म्हणजे ज्याला सगळे नुसतं ‘यूसी’ म्हणतात तिथे, बदली घ्यायची, हा रस्ता आता इकडच्या मराठी घरांत चांगलाच माहीत झालाय. पैसे वाचतात, वय आडवं येत नाही. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत लोक मला गाठून विचारतात ते गणिताचं. कॅल्क्युलस कुठे घ्यावं, कोणाच्या वर्गात मार्क बरे पडतात वगैरे. इंग्रजीचं कोणी विचारत नाही. इंग्रजी काय, येतंच की! माझ्या पाहण्यात अडकलेली माणसं मात्र बहुतेक इंग्रजीपाशीच अडकलीत.

अट वाचायला सोपी आहे. यूसीला बदलीने येणाऱ्याकडे ६० सेमिस्टर युनिट लागतात, क्वार्टरच्या हिशेबात ९०. त्यांत सात ठरावीक विषय बसले पाहिजेत आणि त्या सातांत दोन इंग्रजी लेखनाचे, एक गणिताचा. प्रत्येकात किमान ‘सी’. प्रवेश फॉलमध्ये हवा असेल तर इंग्रजीचे दोन आणि गणिताचा एक आधीच्या स्प्रिंगअखेर पुरे झालेले हवेत. मधला उन्हाळा धरत नाहीत. हे शेवटचं वाक्य लोक वाचतात आणि विसरतात.

मी नाशिकला एस. वाय. बी. ए.पर्यंत शिकले होते, स्पेशल इंग्लिश घेऊन. लग्न झालं, इकडे आले, मुलगा शाळेत जायला लागल्यावर कॉलेजचा अर्ज भरला. नाशिकच्या मार्कशीट इथल्या संस्थेकडून तपासून घेतल्या. थोडे युनिट खात्यात जमा झाले, पण इंग्रजीचे दोन्ही रकाने कोरेच राहिले. शेक्सपिअर झाला, कादंबऱ्या झाल्या, तरी कोरे! तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बरोबर होतं ते. आपण तिकडे साहित्य शिकतो. इकडे हे दोन विषय लिहायला शिकवतात, आणि तेही पुरावे देऊन, दुसऱ्याचं मत खोडून किंवा मान्य करून, तीन-तीनदा खर्डा बदलून.

अर्जात मातृभाषा मराठी लिहिली की कोणीतरी प्रेमाने ईएसएलचे, म्हणजे मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांसाठीचे, वर्ग सुचवतं. गरज असेल त्याने ते जरूर घ्यावेत, त्यात कमीपणा काही नाही. पण त्यातले बरेचसे वर्ग हे रकाने भरत नाहीत आणि सेमिस्टर मात्र खातात. काही कॉलेजांत ईएसएलचा सर्वांत वरचा वर्ग पहिल्या इंग्रजीच्या तोडीचा धरतात. आपल्या कॉलेजात तसं आहे का, हे आधी विचारावं. २०१७च्या एबी ७०५ या कायद्यानंतर नुसत्या पातळी ठरवणाऱ्या चाचणीवरून विद्यार्थ्याला खालच्या वर्गात ढकलता येत नाही. बाहेरच्या देशात शाळा झालेल्यांना बहुतेक ठिकाणी स्वतःची पातळी स्वतः ठरवण्याची सोय असते. मी थेट पहिल्या इंग्रजीत बसले.

पहिला निबंध प्लास्टिकच्या पिशव्यांवर होता. मी आपल्या सवयीने सुरुवात केली, ‘प्लास्टिक हा मानवजातीला मिळालेला शाप आहे.’ बाईंनी समासात हिरव्या शाईने तीन शब्द लिहिले: कोणाला? कुठे? कशावरून? खाली एका परिच्छेदाला कंस घालून प्रश्न, ‘हे तू म्हणतेस की लेखक?’ मला खरंच सांगता येईना. गाईडमधलं छान वाक्य उत्तरात उतरवलं की मार्क मिळतात, अशा शिक्षणातून आलेल्या माणसाला हा प्रश्न समजायलाच वेळ लागतो. इथे तसं वाक्य अवतरणाशिवाय गेलं तर वाङ्मयचौर्य ठरतं, आणि प्रकरण मार्कांपुरतं राहत नाही. दुसऱ्या खर्ड्यात मी शाप काढून टाकला. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०१६ मध्ये प्रॉपोझिशन ६७ मंजूर करून पिशवीबंदी कायम केली, आणि २०१८ मध्ये महाराष्ट्राने सरकारी अधिसूचनेने बंदी आणली. एकीकडे मतदान, दुसरीकडे अधिसूचना, याने भाजीवाल्याच्या गाडीवर काय फरक पडतो, एवढंच धरून लिहिलं. त्या निबंधाला ‘ए’ मिळाला हे सांगायचा मोह आवरत नाही, म्हणून सांगितलं.

खरी गंमत दुसऱ्या इंग्रजीची. काउन्सेलरने आखून दिलेल्या आराखड्यात ते शेवटच्या स्प्रिंगमध्ये होतं. नियमात बसत होतं. नोव्हेंबरात यूसीचा अर्ज गेला, त्यात हा विषय ‘पुढे घेणार’ म्हणून नोंदवला. जानेवारीत, वर्ग सुरू व्हायच्या तोंडावर कॉलेजचा मेल आला: नोंदणी कमी, वर्ग रद्द. दुसरे वर्ग भरलेले, प्रतीक्षायादीत माझ्यापुढे ही गर्दी. काउन्सेलर म्हणाल्या, “समरमध्ये घ्या ना.” मग त्यांनाच तो उन्हाळ्याचा नियम काढून दाखवावा लागला.

म्हणून माझं सांगणं असं की पहिलं इंग्रजी पहिल्याच सेमिस्टरला आणि दुसरं दुसऱ्याला उरकावं. नोंदणीच्या रांगेत नव्यांचा नंबर शेवटी लागतो हे खरं, पण सकाळी सातचा किंवा शनिवारचा वर्ग मिळाला तरी घ्यावा. इतिहास, संगीत, मानसशास्त्र मागे राहिलं तर त्याला पर्याय निघतात. इंग्रजीला निघत नाही.

आणखी एक घोटाळा घरोघरी होतो. माझ्या भाच्याला हायस्कुलात एपी इंग्लिशला, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या परीक्षेत, पाचपैकी पाच मिळाले, तेव्हा त्याच्या आईने इंग्रजी संपलं असं जाहीर करून टाकलं. एपीला तीन किंवा वर गुण असले की पहिला रकाना भरतो. दुसरा, तर्कशुद्ध लेखनाचा, कॉलेजात विषय घेऊनच भरावा लागतो. कॅल स्टेटकडे, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीकडे, जाणाऱ्यांना तर शिवाय भाषणाचा विषय लागतो. लेखन, तर्कविचार आणि गणित धरून त्या चार विषयांना तिथे ‘गोल्डन फोर’ म्हणतात.

कॉलेजच्या पुस्तिकेत एखाद्या विषयापुढे ‘यूसीला चालतो’ असं छापलेलं असतं. त्याने युनिट मिळतात, एवढंच. तो कोणत्या रकान्यात बसतो हे ‘असिस्ट डॉट ऑर्ग’वर बघावं, आणि विषय ज्या वर्षी घेतला त्याच वर्षाची यादी उघडावी. हल्ली एक सोय झाली आहे: २०२५च्या फॉलपासून कम्युनिटी कॉलेजांत पहिल्या इंग्रजीला सी१००० आणि तर्कशुद्ध लेखनाला सी१००१ असे सामाईक क्रमांक यायला लागलेत. त्याच फॉलपासून आमच्या वेळच्या ‘आयगेटसी’ या बदलीसाठीच्या सामाईक विषययादीची जागा ‘कॅल-गेटसी’ने घेतली, म्हणजे ताई-दादांच्या जुन्या वह्यांवर विसंबून चालायचं नाही.

त्या रद्द झालेल्या वर्गाऐवजी मला शेवटी वर्ग मिळाला तो दुसऱ्याच जिल्ह्यातल्या कॉलेजात, ऑनलाइन आणि उशिरा सुरू होणारा. कम्युनिटी कॉलेजांची ‘सीव्हीसी’ नावाची सामाईक सोय आहे, तिच्यातून इतर कॉलेजांचे ऑनलाइन वर्ग शोधता येतात. असा बदल केलात तर यूसीला लगेच कळवा; जानेवारीत ते अर्जातली माहिती अद्ययावत करायला सांगतातच, नंतर काही बदललं तर ज्या कॅम्पसने प्रवेश दिला त्याला लिहा. आणि त्या एका विषयासाठी का होईना, दुसऱ्या कॉलेजची गुणपत्रिका वेगळी मागवावी लागते. ती यूसीकडे १ जुलैपर्यंत पोचली पाहिजे. निकाल नोंदला जायची वाट न पाहता आधीच मागवून ठेवा, आणि ‘मार्क नोंदल्यानंतरच पाठवा’ या चौकोनात खूण केली आहे ना, ते बघूनच पैसे भरा.