प्रत्येक चट्टा गजकर्ण नसतो

अंगावर चट्टा उठला की आपण तीनच नावे घेतो: गजकर्ण, इसब, आणि मनात धास्ती असेल तर कुष्ठरोग. मनोहर दिवाण यांनी १९३६ साली दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले, त्या वर्धा जिल्ह्यात तिसरे नाव चटकन आठवावे, हे स्वाभाविकच आहे. पण चौथेही एक नाव आहे. ते म्हणजे त्वचेचा लिम्फोमा.

हा आजार विरळा आहे. त्याच्या नेहमीच्या प्रकाराला मायकोसिस फंगॉइडिस म्हणतात. १८०६ साली अलिबेर या फ्रेंच डॉक्टरांना एका रुग्णाच्या अंगावर भूछत्रासारख्या गाठी दिसल्या, त्यावरून हे नाव पडले. प्रत्यक्षात बुरशीशी त्याचा काही संबंध नाही. हा कर्करोग आहे आणि तो संसर्गजन्य नाही.

हा रोग होतो कसा?

आपल्या रक्तातील टी-पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. त्यांत काही मदतनीस, तर काही मारक असतात. या रोगात बहुधा मदतनीस पेशीच बिघडतात आणि त्वचेत वाढत जातात. मारक पेशी त्यांना आवर घालतात. सुरुवातीच्या चट्ट्यात मारक पेशी पुष्कळ आढळतात. गाठी झाल्यावर त्या कमी होतात. ज्यांच्या चट्ट्यात त्या अधिक, ते रुग्ण अधिक काळ जगतात, असे अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणूनच पहारेकरी भक्कम असतानाच रोग ओळखणे महत्त्वाचे. मात्र बाजारातील ‘शक्तिवर्धक’ चूर्णांनी हा रोग बरा होतो, असे कोठेही सिद्ध झालेले नाही.

ओळखावा कसा?

चट्टे बहुधा कपड्यांखाली झाकलेल्या जागी येतात: कंबर, कुल्ले, मांड्या, काखेजवळ. ते लालसर असतात; सावळ्या त्वचेवर फिकटही दिसतात. खाज येते. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा बधिरपणा असतो, येथे स्पर्श कळतो. मलम लावले की चट्टा दबतो, थांबवले की पुन्हा उठतो. अशी वर्षे निघून जातात.

काय करावे?

दुकानातून स्टेरॉइडची ट्यूब आणून परस्पर लावू नका. खरे रूप झाकले जाते. काही महिन्यांत चट्टा गेला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आपल्या जिल्ह्यातच आहेत. जागा बधिर करून त्वचेचा लहानसा तुकडा काढतात व तपासतात. निदान पहिल्याच वेळी होईल असे नाही; पुन्हा बोलावले तर कंटाळू नका.

रुग्णाचा तळहात बोटांसह म्हणजे अंगाचा सुमारे १ टक्का भाग. चट्टे असे १० तळहात भरतील त्यापेक्षा कमी असतानाच उपचार सुरू झाले, तर बहुतेक रुग्ण इतरांइतकेच आयुष्य जगतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मलमे आणि अतिनील किरणांचा उपचार यांवर बऱ्याच वेळा भागते. गाठी झाल्यावर मात्र वाट अवघड होते.

तेव्हा चट्टा लपवू नका, दाखवा.