देहाच्या आतील चित्रे

विद्यार्थीहो, घरात कोणी आजारी पडले आणि डॉक्टरांनी फोटो अगर सोनोग्राफी काढावयास सांगितली, की घरची माणसे घाबरून जातात. म्हणून ह्या तपासण्या कशा चालतात व त्यांपासून काय कळते, हे आम्ही येथे थोडक्यात सांगतो.

इ. स. १८९५ मध्ये जर्मनीत रंटगेन ह्यांस क्ष-किरणांचा शोध लागला. हे किरण मांसातून सहज पार जातात, परंतु हाड त्यांस पुष्कळसे अडविते. म्हणून फोटोत हाड पांढरे उमटते व मोडलेले असल्यास दिसून येते. सी. टी. स्कॅनमध्ये हेच किरण सर्व बाजूंनी सोडून शरीराच्या एकेका थराचे चित्र घेतात. स्त्री गर्भवती असल्यास तिने ह्या दोन्ही तपासण्यांपूर्वी तसे अवश्य सांगावे. एम. आर. आय. मध्ये प्रबळ चुंबक असतो. तेथे अंगावर धातूची वस्तू ठेवू नये. सोनोग्राफीत कानास ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी आत जाऊन, विहिरीतील प्रतिध्वनीप्रमाणे परत येतात व त्यांचे चित्र बनते.

ह्या शेवटच्या यंत्राविषयी आपल्या बीड जिल्ह्याने विशेष सावध असावयास हवे. २००१ च्या खानेसुमारीत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या; २०११ मध्ये त्या ८०७ च उरल्या. गर्भलिंग सांगण्यास १९९४ च्या कायद्याने बंदी असताही, बाळाच्या रक्षणाचे साधन कन्येच्या नाशास लाविले गेले. पुढे २०१९ च्या सरकारी पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड कामकरी स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कित्येकींनी कर्करोगाच्या भीतीने होकार दिला होता.

वस्तुतः नुसते चित्र म्हणजे निदान नव्हे. गर्भाशयाचा कर्करोग आहे किंवा नाही, हे तेथील तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावाचून निश्चित होत नाही. तेव्हा पालकांनी नम्रपणे पण निर्भयपणे विचारावे: ही तपासणी कशासाठी? अहवालात काय निघाले? शस्त्रक्रियेवाचून दुसरा उपाय आहे काय? शंका राहिल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. अंबाजोगाईस १९७४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहेच.

आणि विद्यार्थीहो, ज्यांच्या आईवडिलांस अक्षरओळख नाही, त्यांनी अहवाल घरी वाचून दाखवावा व सर्व कागद जपून ठेवावेत. आपल्या विद्येचा ह्याहून चांगला उपयोग तो कोणता?