वाढ कंपनीची, पैसा आपला : टक्केवारी कशी वाचावी?

‘या कंपनीची विक्री एका वर्षात ३२ टक्क्यांनी वाढली!’ असा संदेश तुमच्या मोबाइलवर येतो. मुदत ठेवीवर मिळणाऱ्या व्याजाशी तुलना केली की हा आकडा मोहात पाडतो. पण हे ३२ टक्के कंपनीच्या विक्रीचे आहेत, तुमच्या पैशाचे नाहीत. हा फरक एका खऱ्या कंपनीच्या आकड्यांवरून समजून घेऊ. कंपनीचे नाव केवळ उदाहरणासाठी आहे. तिचा शेअर घ्या किंवा विका, असा सल्ला हा धडा देत नाही.

कंपनी काय करते?

क्वालकॉम ही १९८५ मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगो शहरात सुरू झालेली कंपनी. मोबाइलला बिनतारी जाळ्याशी जोडणाऱ्या चिप ती तयार करते. ‘स्नॅपड्रॅगन’ हे तिच्या चिपचे नाव तुम्ही मोबाइलच्या जाहिरातीत वाचले असेल. कंपनी चिपचा आराखडा बनवते आणि चिप मात्र तैवानच्या टीएसएमसीसारख्या कारखान्यांकडून करून घेते. तिच्या उत्पन्नाचे मुख्य मार्ग दोन : चिपची विक्री आणि तिची पेटंट वापरणाऱ्यांकडून मिळणारे शुल्क.

पाच वर्षांची विक्री

कंपनीचे आर्थिक वर्ष सप्टेंबरअखेर संपते. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी.

२०२० : २३.५ अब्ज डॉलर
२०२१ : ३३.६ अब्ज डॉलर (४३ टक्के वाढ)
२०२२ : ४४.२ अब्ज डॉलर (३२ टक्के वाढ)
२०२३ : ३५.८ अब्ज डॉलर (१९ टक्के घट)
२०२४ : ३९.० अब्ज डॉलर (९ टक्के वाढ)

ज्याने फक्त २०२२ ची ओळ पाहिली, त्याला कंपनी धावताना दिसली. पुढच्याच वर्षी जगभर मोबाइलची मागणी मंदावली, मोबाइल कंपन्यांकडे चिपचा साठा पडून राहिला आणि नवी खरेदी घटली. म्हणून पहिला नियम : एका वर्षाची वाढ पाहून निर्णय घेऊ नका, निदान पाच वर्षे पाहा.

सरासरीचा फसवा हिशेब

वरच्या चार टक्केवाऱ्यांची बेरीज-वजाबाकी करून चारने भागले, तर सरासरी वाढ सव्वासोळा टक्के येते. या दराने विक्री खरोखर वाढत गेली असती, तर २०२४ मध्ये ती सुमारे ४२.९ अब्ज झाली असती. प्रत्यक्षात ती ३९ अब्जच आहे. चक्रवाढीने हिशेब केला की खरा वार्षिक दर साडेतेरा टक्क्यांच्या आसपास येतो. कोणी ‘सरासरी वाढ’ सांगितली, तर ती चक्रवाढीने काढली आहे का, हे जरूर विचारा.

विक्री थोडी घटली, नफा खूप घटला

२०२३ मध्ये विक्री १९ टक्क्यांनी घटली. पण निव्वळ नफा १२.९ अब्जांवरून ७.२ अब्ज डॉलरवर आला, म्हणजे सुमारे ४४ टक्के घट. असे का होते? दुकानात गिऱ्हाईक कमी झाले तरी भाडे आणि पगार द्यावेच लागतात. चिप कंपनीत असा मोठा खर्च संशोधनाचा. क्वालकॉमने २०२२ मध्ये त्यावर सुमारे ८.२ अब्ज डॉलर खर्च केले. विक्री घटली त्या २०२३ मध्ये हा खर्च कमी झाला नाही, उलट ८.८ अब्जांवर गेला.

नव्या उत्पादनाची बातमी

संशोधन थांबवताही येत नाही, कारण या धंद्यात पेरणी आणि कापणी यांत बरीच वर्षे जातात. क्वालकॉमने पहिली ५जी मोडेम चिप ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर केली. ५जी मोबाइल बाजारात आले २०१९ मध्ये. भारतात ही सेवा सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ रोजी. ‘नवी चिप आली’ या बातमीचा अर्थ ‘उत्पन्न आले’ असा नव्हे.

गिऱ्हाइकेही मोजा. ॲपल हे क्वालकॉमचे फार मोठे गिऱ्हाईक. २०२५ च्या सुरुवातीला ॲपलने आयफोन १६ई या मोबाइलमध्ये स्वतःची मोडेम चिप बसवली. दुसरीकडे, मोटारींसाठीच्या चिपमधून क्वालकॉमला २०२३ मध्ये सुमारे १.९ अब्ज आणि २०२४ मध्ये सुमारे २.९ अब्ज डॉलर मिळाले. एक दार किलकिले होत असताना दुसरे बंद होऊ शकते. वार्षिक अहवालात ‘जोखीम’ हा भाग असतो, तो आधी वाचा.

सर्वांत महत्त्वाचे : तुम्ही कोणत्या भावाने घेतले?

१९९९ या एका वर्षात क्वालकॉमचा शेअर २,६०० टक्क्यांहून अधिक वाढला. ते पाहून २००० च्या सुरुवातीला अनेकांनी चढ्या भावात तो घेतला आणि नंतर भाव कोसळला. पुढे कंपनी बुडाली का? मुळीच नाही. २००० मध्ये ३.२ अब्ज डॉलर असलेली विक्री २०१९ मध्ये २४.३ अब्जांवर गेली, म्हणजे सात पटींहून अधिक. पण शिखरावर खरेदी केलेल्यांना, मधला लाभांश सोडला तर, तोच भाव पुन्हा दिसायला सुमारे वीस वर्षे लागली. कंपनी वाढली, पण त्यांचा पैसा वाढला नाही. कारण पुढच्या अनेक वर्षांच्या वाढीची किंमत त्यांनी आधीच मोजली होती. वीस वर्षांत मुलांचे शिक्षण होते, लग्ने होतात, माणूस निवृत्त होतो.

म्हणून क्रम सांभाळा. सहा महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत ठेवा. आरोग्य विमा घ्या. पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा शेअरमध्ये घालू नका. उरलेल्यातूनही सगळे एकाच कंपनीत गुंतवू नका. सल्ला देणारा सेबीकडे नोंदणीकृत आहे का, हे सेबीच्या संकेतस्थळावर तपासा.

सरावासाठी : तुमचे १०,००० रुपये पहिल्या वर्षी ५० टक्के वाढले आणि दुसऱ्या वर्षी ५० टक्के घटले. हातात किती उरले? ‘१०,०००’ असे उत्तर आले असेल, तर पुन्हा मोजा. बरोबर उत्तर आहे ७,५०० रुपये.